सेव्हर्नकाठचे श्रॉपशायर

पुण्याच्या लष्कर भागातील कयानी बेकरीपुढची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘श्रूजबरी’ हा शब्द परका नाही. मात्र हे एका गावाचे नाव आहे आणि ते गाव इंग्लंडच्या पश्चिम भागात, वेल्सच्या सीमेजवळ, सेव्हर्न नदीच्या कुशीत वसलेले आहे, हे त्या रांगेतील फार थोड्यांच्या ध्यानी असते. त्या गावाच्या कॅसल स्ट्रीटवर अठराव्या शतकातील पेलिन नावाच्या एका प्रसिद्ध केक-विक्रेत्याची आठवण सांगणारी पाटी आजही आहे. गावाचे नाव ‘श्रूजबरी’ म्हणावे की ‘श्रोजबरी’, याबद्दल खुद्द गावकऱ्यांतच अजून एकमत झालेले नाही.

श्रूजबरी हे श्रॉपशायर या काउंटीचे मुख्य ठाणे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रदेश. लंडन, ऑक्सफर्ड, स्कॉटलंड असा ठरीव प्रवास करून परतणाऱ्या आपल्या मंडळींच्या यादीत या भागाचे नाव क्वचितच असते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या व्यापार-उदीम करीत आलेल्या कुटुंबांनी मुद्दाम पाहावे, मुलांना दाखवावे असे या नदीखोऱ्यात बरेच आहे. येथे निसर्गाने दिलेले धन, त्या धनावर उभा राहिलेला उद्योग, तो उद्योग उभारणारी माणसे आणि उद्योग ओसरल्यानंतर मागे उरलेला वारसा, हे सारे काही मैलांच्या अंतरात एकाच नदीच्या काठी पाहावयास मिळते.

नदी आणि भूमी

सेव्हर्न ही ब्रिटनमधील सर्वांत लांब नदी. वेल्समधील प्लिनलिमन डोंगरावर ती उगम पावते आणि सुमारे ३५४ किलोमीटर वाहत जाऊन ब्रिस्टलच्या खाडीत समुद्राला मिळते. रोमन लोक तिला ‘सॅब्रिना’ म्हणत. वेल्श भाषेत ती ‘हाव्रेन’ आहे. या नावाची एक राजकन्या सापत्न मत्सरापायी नदीत बुडवली गेली आणि तीच नदीची देवता झाली, अशी लोककथा आहे. श्रूजबरीच्या ‘क्वॉरी’ उद्यानात या सॅब्रिनेची मूर्ती आहे. कृष्णा-गोदेला माता मानणाऱ्या आपल्या मनाला ती मूर्ती पाहताना मुळीच परकेपणा वाटत नाही.

या काउंटीची भूमी भूगर्भशास्त्रज्ञांची पंढरीच समजली जाते. येथील ‘वेनलॉक एज’ ही चुनखडीची लांबच लांब कड म्हणजे सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील प्रवाळांची रास होय. त्या काळी हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस, उष्ण व उथळ समुद्राखाली होता. आज तेथील दगडी कुंपणातही प्रवाळांचे आणि शिंपल्यांचे ठसे सापडतात. कडेच्या उत्तरेला ४०७ मीटर उंचीची रेकिन टेकडी मैदानातून एकाएकी वर उठलेली दिसते. तिच्या आसऱ्याने, सेव्हर्नच्या काठी, रोमन लोकांनी विरोकोनियम हे आपल्या ब्रिटनमधील मोठ्या नगरांपैकी एक नगर वसवले होते. आज रॉक्सेटर खेड्याजवळ त्याच्या स्नानगृहाची एक उंच भिंत तेवढी उभी आहे. नगराचे पुष्कळ चिरे आसपासच्या इमारतींत गेले. रॉक्सेटरच्या चर्चमध्येही ते ओळखू येतात.

रेकिनच्या दक्षिणेस नदीचे रूप पालटते. हिमयुगात प्रचंड बर्फाने नदीची जुनी वाट अडवली आणि वितळलेल्या पाण्याने डोंगर कापून एक अरुंद, खोल घळ तयार केली. या घळीच्या दोन्ही उतारांवर चुनखडी, दगडी कोळसा, लोहखनिज आणि चिकणमाती हे चारही पदार्थ एकमेकांच्या शेजारी उघडे पडले. शिवाय माल वाहून नेण्यास पायाशी नदी होतीच. पुढे जे घडले त्याचे बीज निसर्गाने असे फार आधीच पेरून ठेवले होते.

व्यापाऱ्यांचे श्रूजबरी

घळीकडे जाण्यापूर्वी श्रूजबरीत एक दिवस काढावा. नदीने या गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घातला आहे. बाहेर पडण्यास जमिनीची चिंचोळी पट्टी तेवढी मोकळी. एका बाजूस ‘इंग्लिश ब्रिज’ आणि दुसऱ्या बाजूस ‘वेल्श ब्रिज’. या दोन पुलांच्या नावांतच गावाचा धंदा सांगितलेला आहे. वेल्सच्या डोंगरांतील धनगर-विणकरांचे लोकरी कापड एका पुलावरून यावे आणि लंडनच्या बाजाराकडे दुसऱ्या पुलावरून जावे. मध्ये श्रूजबरीच्या कापड व्यापाऱ्यांचा संघ बसलेला. ‘ड्रेपर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघाने वेल्श कापडाच्या व्यापारावर दीर्घकाळ जवळजवळ मक्ता गाजवला.

त्या मक्त्याची श्रीमंती आजही नजरेत भरते. काळ्या लाकडी चौकटी आणि त्यांमधून भरलेल्या पांढऱ्या भिंती अशी घडण असलेली सोळाव्या शतकातील व्यापाऱ्यांची घरे गावात जागोजाग आहेत. लोकरीचे व्यापारी रॉबर्ट आयर्लंड यांचा वाडा सुमारे १५७५ मधील, तर ओवेन यांचा वाडा १५९२ मधील. चौकातील जुनी बाजार-इमारत १५९६ ची आहे. वरच्या मजल्यावर कापडाचे सौदे, खाली कमानींच्या आडोशाला धान्याचा बाजार, अशी तिची रचना होती. मिल्क स्ट्रीट, बुचर रो, फिश स्ट्रीट अशी गल्ल्यांची नावे वाचली की आपल्याकडील जुन्या पेठांची आठवण होते. कोणत्या गल्लीत कोणता माल, हे नावावरूनच कळावे.

याच चौकात आपल्या इतिहासाशी थेट नाते असलेला एक पुतळा आहे. तो रॉबर्ट क्लाइव्हचा. क्लाइव्ह १७२५ मध्ये याच काउंटीत, मार्केट ड्रेटनजवळ जन्मला. १७५७ मध्ये प्लासीची लढाई जिंकून बंगालमधून अफाट संपत्ती घेऊन तो परतला आणि १७६१ पासून मृत्यूपर्यंत श्रूजबरीचा लोकप्रतिनिधी राहिला. पुतळा १८६० मधील आहे. तो हलवावा अशी जोरदार मागणी २०२० मध्ये झाली. पुतळा मात्र जागेवरच राहिला. ईस्ट इंडिया कंपनी ही नावाने व्यापारी संस्था होती, हे भारतीय प्रवाशाने येथे क्षणभर थांबून आठवावे. तागडी हातात घेऊन आलेल्यांनी तलवार कधी उचलली, याचा विचार या चौकात केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुढे घळीत भेटणारी माणसेही व्यापारीच होती, पण त्यांची घडण निराळी होती.

या गावचा दुसरा जगप्रसिद्ध पुत्र म्हणजे चार्ल्स डार्विन. १८०९ मध्ये नदीकाठच्या ‘द माउंट’ या घरात त्याचा जन्म झाला. तो जेथे शिकला त्या जुन्या शाळेच्या इमारतीत आता ग्रंथालय असून दारात त्याचा पुतळा आहे. गावाच्या उत्तरेस १७९७ ची एक जवसाच्या सुताची गिरणी आहे. लाकडाऐवजी लोखंडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर उभारलेली ती जगातील पहिली इमारत. मुंबई-न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींची पूर्वज म्हणून तिला मान आहे. ते लोखंड येथे सुचले कसे, याचे उत्तर नदीच्या पुढच्या वळणावर मिळते.

कोलब्रुकडेल आणि डार्बी घराणे

घळीच्या एका उपखोऱ्याचे नाव कोलब्रुकडेल. १७०८ च्या सुमारास अब्राहम डार्बी नावाचा तरुण ब्रिस्टलहून येथे आला. त्याचा धंदा होता स्वयंपाकाच्या भांड्यांचा. पितळी भांडी गरिबांना परवडत नसत. म्हणून वाळूच्या साच्यात लोखंडाची पातळ, गोल पोटाची भांडी ओतण्याची कृती त्याने १७०७ मध्ये स्वतःच्या नावे नोंदवून घेतली होती. त्या काळी लोखंड गाळण्यास लाकडी कोळसा लागे आणि त्यासाठी रानेच्या राने तोडावी लागत. डार्बीने दगडी कोळसा भाजून त्याचा कोक केला आणि त्या कोकवर भट्टी यशस्वीपणे पेटवली. औद्योगिक क्रांतीचा उगम जेथे झाला असे इतिहासकार मानतात, त्या स्थळांत ही भट्टी अग्रभागी आहे. आज ती काचेच्या छपराखाली जतन केलेली असून तिच्या लोखंडी तुळईवर पुढच्या अब्राहम डार्बीचे नाव व १७७७ हे वर्ष वाचता येते. एवढ्या मोठ्या क्रांतीचा आरंभ तोफेतून नव्हे तर भाताच्या हंडीतून झाला, ही गोष्ट घरातील स्त्रियांना विशेष आवडेल.

डार्बी कुटुंब ‘क्वेकर’ पंथाचे होते. हा ख्रिस्ती धर्मातील एक छोटा पंथ. त्यांच्या सभेत पुरोहित नसे. मौन धरून बसावे आणि अंतःप्रेरणा झाली तर बोलावे, अशी रीत. साधा वेष, सत्यभाषण आणि युद्धाला विरोध ही त्यांची तत्त्वे. ते न्यायालयातही शपथ घेत नसत; शपथेवर खरे बोलायचे तर एरवी खोटे बोलण्यास मोकळीक आहे असा अर्थ होतो, असे त्यांचे म्हणणे. यामुळे सरकारी पदे आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची विद्यापीठे त्यांना बंद झाली. उरला तो व्यापार. त्यांच्या दुकानात घासाघीस नसे. वस्तूची एकच किंमत, लहान मूल पाठवले तरी तीच. अशा विश्वासावर त्यांच्या पेढ्या वाढल्या. लॉइड्स आणि बार्कलेज या बँका, कॅडबरी ही चॉकलेटची पेढी, या साऱ्यांची मुळे क्वेकर कुटुंबांत आहेत. अल्पसंख्य समाज, आपसांतील सोयरीक, वचनाची पत आणि साधे राहणीमान हा सारा मेळ आपल्या वाचकांना निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

तीन पिढ्या हा कारखाना वाढत गेला. १७६७ मध्ये येथे लोखंडी रूळ ओतले गेले. धान्यटंचाईच्या काळात तिसऱ्या अब्राहम डार्बीने शेते विकत घेऊन कामगारांसाठी धान्य पिकवले, त्यांना घरे बांधून दिली आणि आसपासच्या धंद्यांपेक्षा अधिक मजुरी दिली.

लोखंडी पूल

या तिसऱ्या डार्बीचे नाव ज्या वास्तूमुळे अमर झाले, ती म्हणजे घळीवरचा लोखंडी पूल. त्यावरूनच या गावाला ‘आयर्नब्रिज’ हे नाव पडले. दोन्ही काठांवर खाणी आणि भट्ट्या. पलीकडे जायचे तर नावेवाचून गती नाही आणि पुराच्या दिवसांत नाव म्हणजे जिवाशी खेळ. श्रूजबरीचा वास्तुकार थॉमस प्रिचर्ड याने पुलाचा आराखडा केला, पण पूल उभा राहण्यापूर्वीच तो निवर्तला. १७७९ मध्ये कमान उभी राहिली आणि १ जानेवारी १७८१ रोजी पूल रहदारीस खुला झाला. कमानीचा पल्ला ३० मीटरांहून थोडा अधिक. लोखंड सुमारे ३८० टन. सुटे भाग सुमारे १७००. लोखंड जोडण्याचा अनुभव कोणालाच नसल्यामुळे सुताराचीच विद्या वापरली गेली. कुसू, खाच, पाचर असे लाकूडकामातील सांधे येथे लोखंडात पाहावयास मिळतात.

खर्चाचा अंदाज ३२०० पौंडांचा होता आणि ती रक्कम भागधारकांकडून जमा झाली. अंदाजापेक्षा जे अधिक लागेल ते आपण सोसू, असा शब्द डार्बीने दिला. प्रत्यक्ष खर्च कितीतरी वाढला. दिलेल्या शब्दापोटी घेतलेले कर्ज त्याला जन्मभर पुरले. १७८९ मध्ये तो वारला, तेव्हा त्याने चाळिशीही गाठली नव्हती.

पुलाच्या टोकाशी जकातघर आहे आणि त्यावर दरांचा फलक आहे. माणूस, घोडा, गाडी, जनावर यांचे दर देऊन खाली स्पष्ट सांगितले आहे की सैनिक असो, टपालगाडी असो वा प्रत्यक्ष राजघराणे असो, जकात प्रत्येकाने भरलीच पाहिजे. एकच दर सर्वांना, हा दुकानातला नियम पुलावरही लागू झाला. पैसे चुकवण्यासाठी काही गावकरी ‘कोरॅकल’ नावाच्या टोपलीसारख्या गोल होडीतून नदी पार करीत असत, असे म्हणतात. ही होडी बांधणारी रॉजर्स कुटुंबाची परंपरा येथे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जिवंत होती. तुंगभद्रेवरच्या हरिगोलाशी तिचे साम्य पाहून नवल वाटते.

१७९५ च्या फेब्रुवारीत सेव्हर्नला महापूर आला. नदीवरील इतर दगडी पुलांची पडझड झाली. लोखंडी पूल मात्र निर्धोक राहिला. कारण त्याच्या कमानीतून पाण्याला मोकळी वाट मिळाली. लोखंडाचा पूल टिकतो, ही खात्री त्या दिवशी इंग्लंडला पटली.

खर्चाची बाजू

येथवर जमेची बाजू झाली. प्रामाणिक हिशेबात खर्चाची बाजूही मांडावी लागते. १८०१ मध्ये लूथरबर्ग या चित्रकाराने रात्रीच्या कोलब्रुकडेलचे चित्र रंगवले. ते आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. आकाश पेटलेले, चंद्र धुराआड गेलेला आणि पुढे ओझ्याची गाडी ओढणारे घोडे असे ते दृश्य. घळीतील झाडे तुटली, उतार पोखरले गेले, नदीकाठी राखेचे ढीग साचले. खाणींत आणि भट्ट्यांवर लहान मुले राबत. कारखान्याला भांडवल पुरवणारा ब्रिस्टलचा क्वेकर सावकार थॉमस गोल्डनी याने शत्रूची जहाजे लुटण्याच्या सरकारमान्य मोहिमेतही पैसा गुंतवला होता. आणि युद्धविरोधी पंथाच्या या कारखान्यात १७४० च्या दशकात तोफाही ओतल्या गेल्या.

आपल्या श्रावकाचारात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. गृहस्थाने टाळावेत असे ते हिंसाबहुल धंदे. अंगारकर्म, वनकर्म, स्फोटकर्म ही त्यांतील नावे आपण प्रतिक्रमणात उच्चारतो. कोळशाच्या भट्ट्या, तोडलेली राने, फोडलेली भूमी यांचा अर्थ या घळीत उभे राहिले म्हणजे डोळ्यांना दिसतो. म्हणून डार्बी घराण्याला नाकारावे असे नाही. सचोटीने मिळवलेले धन हा सद्‌गृहस्थाचा पहिला गुण, तो या माणसांत निश्चित होता. पण एक किंमत, खरे माप आणि पाळलेला शब्द एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. भांडवल कोठून आले आणि धंद्याने काय जाळले, हे प्रश्न उरतातच. आज ज्या समाजाचे धंदे रसायने, बांधकाम आणि खाणींपर्यंत पोहोचले आहेत, त्याने ते स्वतःला विचारावेत.

परतलेली राने

विसाव्या शतकात लोखंडाचा धंदा घळीतून ओसरला. १९३४ मध्ये पूल वाहनांस बंद झाला आणि संरक्षित स्मारक ठरला. पादचाऱ्यांची जकात मात्र १९५० पर्यंत चालू होती. पोखरलेल्या भूमीनेही आपले येणे वसूल केले. १९५२ मध्ये जॅकफील्ड येथे उतार खचून घरेच्या घरे गेली. पुलाचे दोन्ही काठ एकमेकांकडे सरकू लागले, तेव्हा १९७२ ते १९७५ या काळात नदीच्या तळाशी काँक्रीटची उलटी कमान घालून ते थोपवावे लागले.

मोडकळीला आलेल्या या भट्ट्या भंगारात घालणे सोपे होते. परंतु १९६७ मध्ये संग्रहालयांसाठी एक न्यास स्थापन झाला आणि १९८६ मध्ये युनेस्कोने या घळीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आज येथे लोखंडाचे, चिनीमातीच्या भांड्यांचे आणि रंगीत फरश्यांचे अशी संग्रहालये आहेत. जॅकफील्डच्या फरश्या पाहताना मुंबईतील जुन्या वास्तूंची जमीन आठवते. ब्लिस्ट्स हिल येथे व्हिक्टोरिया राणीच्या काळातील एक संपूर्ण गाव उभारले आहे. तेथील दुकानांत मुलांना जुनी नाणी बदलून घेऊन खरेदी करता येते.

आणि राने परतली आहेत. राखेच्या ढिगांवर भूर्ज आणि अ‍ॅश वाढले, जुन्या ओकांना पुन्हा सावली आली. एप्रिल-मे महिन्यांत झाडांखाली निळ्या घंटाफुलांचे गालिचे पसरतात आणि रानलसणीच्या पांढऱ्या फुलांचा दरवळ साऱ्या घळीत भरतो. लसूण वर्ज्य असणाऱ्यांनाही हा दरवळ टाळता येत नाही! नदी मात्र पूर्वीसारखीच मनस्वी आहे. २००० आणि २०२० मध्ये तिने श्रूजबरी व आयर्नब्रिजच्या काठांना पुराचे तडाखे दिले. २०१९ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्या आपल्या सांगली-कोल्हापूरकरांना तेथील दुकानदारांची व्यथा सहज कळेल.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. बर्मिंगहॅमहून टेलफर्डला आगगाडी पाऊण तासात पोहोचते, तेथून आयर्नब्रिज जवळच आहे; त्याच मार्गावर पुढे श्रूजबरी. लेस्टरच्या जैन मंदिराच्या दर्शनाला जाणाऱ्यांना ही दोन दिवसांची जोडसहल होऊ शकते. शाकाहारी पदार्थांवर बहुधा तशी खूण असते. चीज मात्र विचारून घ्यावे आणि श्रूजबरी बिस्किटातही अंडे आहे का, हे पाहावे. कंदमुळे न खाणाऱ्यांनी खाकरे-चिवडा बरोबर ठेवणे बरे. तेथील उपाहारगृहांत बटाट्याचे राज्य आहे.

कोलब्रुकडेलच्या टेकडीवर क्वेकरांची दफनभूमी आहे. तेथील शिळा ठेंगण्या, एकसारख्या, अलंकाराविना. कोण मालक आणि कोण मजूर, हे शिळेवरून कळत नाही. पण डार्बी घराण्याची एवढी माहिती आज जगाला आहे, ती या शिळांमुळे नव्हे. कारखान्याच्या हिशेबाच्या वह्या जपल्या गेल्या. दुसऱ्या अब्राहमची पत्नी अबाया हिची पत्रे आणि दैनंदिनी जपली गेली. कोकवर लोखंड गाळण्याची हकीकत इतिहासकारांना तिच्या एका पत्रातून मिळते. तोफांची नोंद मिटवली गेली नाही, म्हणून ती आज आपणही वाचू शकतो.

आपल्याकडे बार्शी, सोलापूर, सांगली, निपाणी, अहिल्यानगर येथील किती पेढ्यांच्या माळ्यांवर लाल कापडात बांधलेल्या चोपड्या, रोजकीर्दी आणि खतावण्या पडून असतील! दुकानाचे नूतनीकरण निघाले की पहिल्यांदा त्याच रद्दीत जातात. दुष्काळात कोणी किती धान्य उधार दिले, कोणत्या गावाला कोणता माल गेला, कोणते देणे सोडून दिले आणि कोणते सोडले नाही, हे सारे त्यांत लिहिलेले आहे. येत्या लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकू वाहताना माळ्यावरची एक जुनी वही खाली उतरवावी, धूळ झटकावी आणि घरातील मोडी वाचणाऱ्या आजोबांकडून मुलांना ती वाचून घेऊ द्यावी.